तांब्याची दोन तोंडं

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर, आजीच्या तांब्याच्या हंड्याशेजारी, लांबट तोंडाची दोन नरसाळी ठेवलेली असतात. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, यातून काय गाळता? गेल्या काही महिन्यांत इतक्यांना तोंडी सांगून झालं, की म्हटलं आता एकदा नीट लिहून काढावं.

ती माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकना वारा पोचवणाऱ्या डक्टची, म्हणजे नळ्यांची, तोंडं आहेत. ट्रॅकवर गेलं की बंपरमध्ये बसतात, घरी आलं की फळीवर.

गाडी फियाटची अबार्थ पुंटो. रांजणगावच्या कारखान्यातली, म्हणजे तशी आमच्या शेजारचीच. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती दोन्ही बाजूंनी पॅडनी दाबायची. मी ती जुनी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या प्रेमात पडले. रस्त्यावर, अगदी पसरणीचा घाट उतरतानासुद्धा, तिच्या ब्रेकबद्दल मला कधी शंका आली नाही. पण घाटात आपण एकदा जोरात ब्रेक मारला तर पुढचा तसा ब्रेक मारायला बराच वेळ असतो. ट्रॅकवर तो वेळ मिळत नाही.

मागच्या जानेवारीत मी पहिल्यांदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर गेले. पुण्याहून तिथे जायला रस्ता शोधावा लागत नाही. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून जो हायवे धरायचा, तो राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत थेट त्या ट्रॅकच्या जवळून जातो. अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. पहिल्या पाच फेऱ्या मी नुसती हसत होते. सहाव्या फेरीत मोठा सरळ पट्टा संपला, मी ब्रेकवर पाय टाकला आणि पेडल निम्म्याहून खाली गेलं. गाडी थांबायच्या ऐवजी विचार करत असल्यासारखी पुढे सरकत राहिली. मी पेडल दोन-तीनदा भराभर पंप केलं, खालचा गिअर टाकला, वळण सोडून सरळ मोकळ्या जागेत गेले. कुणाला काही झालं नाही. पण पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत, येऊन हेल्मेट काढताना माझी बोटं थरथरत होती, पट्टा सुटेना.

बाबांना फोन केला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं, शेवटची बरीचशी स्वारगेट डेपोला. भोरवरून वरंधा घाट उतरून महाडला जाणं त्यांनी किती वेळा केलं असेल त्याची मोजदाद नाही. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "पेडल कडक होतं का मऊ?"

मी म्हटलं मऊ. खाली गेलं.

"मग तेल उकळलं. पॅड गेले असते तर पेडल दगडासारखं लागलं असतं आणि गाडी थांबली नसती. तेल कधी बदललंस?"

एसटीला हवेचे ब्रेक, पण नोकरीत लागायच्या आधी बाबा जीप चालवायचे, त्यामुळे तेलाच्या ब्रेकची त्यांना चांगली माहिती आहे. तेल मी बदललं नव्हतं. दोन पावसाळे झाले होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल हळूहळू शोषून घेतं, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये ओलीला काही तोटा नसतो. डॉट ४ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, जोर पोचतच नाही.

म्हणून हे वाचून कुणी डक्ट करायला निघणार असेल तर त्याला हात जोडून सांगणं आहे: आधी ताजं तेल, मग ट्रॅकला चालतील असे पॅड, आणि मग वारा. माझा क्रम तोच होता. पण तेल आणि पॅड बदलूनही उष्णता तितकीच तयार होणार होती. तिला बाहेर जायला वाट करून द्यायची राहिली होती, आणि वाट करून देणं हे माझं रोजचं काम आहे.

मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग करते. ऑफिस, हॉस्पिटल, हॉटेल, कुठे किती हवा न्यायची, कुठल्या मापाच्या डक्टमधून, किती वळणं घेऊन. घरी आल्यावर मी कागद घेतला. गाडी आणि मी मिळून साडेबाराशे किलो धरले. ताशी १५० वरून ७० वर आणायचं तर साधारण साडेआठशे किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते. तेवढ्यात पावणेतीन लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत येईल. चहाचं मोठं पातेलं, आणि वेळ चार सेकंद. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर धरला आणि एका डिस्कचं वजन पाच किलो, तर एका ब्रेकिंगला डिस्क सुमारे सव्वाशे अंशांनी तापते. पुढच्या वळणापर्यंत ती थोडी निवते, पुन्हा तापते. जितकी निवायला हवी तितकी निवत नाही, म्हणून दर फेरीला आकडा वर चढत जातो.

आता वाऱ्याची बाजू. ताशी १५० ला बंपरवर येणाऱ्या हवेचा दाब साधारण १०० मिलिमीटर पाण्याइतका असतो. आमच्या धंद्यात हा आकडा ऐकून माणूस खूश होतो. एवढा दाब मिळवायला आम्हाला चांगला दणकट ब्लोअर बसवावा लागतो, आणि इथे तो फुकट समोर येऊन उभा आहे. ६३ मिलिमीटर व्यासाच्या होजमधून, म्हणजे लवचिक नळीतून, सेकंदाला दहा मीटर वेगाने हवा नेली आणि ती डिस्कमधून जाताना शंभर अंशांनी तापली, तर ती साडेतीन किलोवॅटच्या आसपास उष्णता घेऊन जाते. म्हणजे एसीच्या मापात एक टन. एका चाकाला एक टनाचा एसी! हे गणित सुटलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी बाबांना उठवून सांगितलं.

पहिला प्रयत्न किचन चिमणीच्या फॉइलच्या पाइपचा. बोहरी आळीतून आणला, स्वस्त आणि हाताशी असलेला. फॉगलॅम्प काढून त्या जागेतून चाकाच्या आतपर्यंत नेला, पट्ट्यांनी बांधला. खेड शिवापूरपर्यंत जाऊन आले तर आतल्या बाजूला चिरफाळ्या. चाक वळतं, वर-खाली होतं, आणि फॉइल एकाच घडीवर दहा वेळा वाकलं की फाटतं. शिवाय त्याच्या सुरकुत्या. मी साइटवर फ्लेक्झिबल डक्ट ढिला सोडलेला दिसला की माणसाला परत वर चढवते, कारण प्रत्येक सुरकुती दाब खाते. तोच ढिला डक्ट माझ्याच गाडीत. त्याच संध्याकाळी तो काढून टाकला.

मग भोसरीतून सिलिकॉनचा होज आणला, आत तारेचं वेटोळं असलेला, अडीचशे अंश सोसणारा. ७५ चा घ्यायचा मोह झाला होता, कारण ६३ चं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर आणि ७५ चं ४४. फरक मोठा आहे. पण स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर आणि त्यामागच्या प्लास्टिकच्या आवरणामध्ये ७५ ला जागाच नाही. जागा आहे की नाही हे कळायला मी होजला ओला गेरू फासला, जॅकवर चाक वर-खाली केलं, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. टायरला जिथे लाल ठिपका उमटला तिथून होज हलवायचा. तीन वेळा हलवला. चौथ्यांदा टायर काळाच राहिला.

होजचा प्रश्न सुटला, तोंडाचा राहिला. बंपरमधली जागा आडवी, लांबट, ११ सेंटिमीटर रुंद आणि ६ उंच. होज गोल. लांबट तोंडातून गोल गळ्यात हवा अलगद उतरवायची. पुठ्ठ्याचा नमुना केला, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे यासाठी फार चांगले. तो घेऊन एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. त्याने पत्र्याचे चार तुकडे वेल्ड करून डबा दिला. आत चार कोपरे, काठ सुरीसारखा. धारदार काठावरून आत वळताना हवा काठापासून सुटते आणि आत भोवरा होतो. आमच्या तक्त्यांत धारदार काठाचा तोटा ०.५ धरतात, नीट गोलवलेल्या काठाचा ०.०५ च्या आत. दहापट फरक, तोही नुसता काठ वळवून. तो डबा हातात घेऊन मी घरी आले आणि फळीवरच्या हंड्याकडे बघत बसले. त्याचा काठ बाहेरच्या बाजूला गोल वळवलेला आहे. अंगठा फिरवला तर कुठे अडत नाही.

दुसऱ्या दिवशी कसब्यात तांबट आळीत गेले. गणपतीच्या आधीचा आठवडा होता, रस्त्यावर मांडवांचे बांबू पडलेले. आळीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज येतो, एकावर एक, प्रत्येक दुकानाचा वेगळा. एका काकांना नमुना दाखवला. त्यांनी तो उलटा करून बघितला, तोंडाला डोळा लावला, म्हणाले, "ताई, यात पाणी ओतायचं का धान्य?"

"हवा, काका. गाडीच्या ब्रेकला."

त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांनी २० गेजचा तांब्याचा पत्रा काढला. लोखंडात का नको म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, लोखंड माझं ऐकत नाही. मी हिशेब केला: एक तोंड पाव किलोच्या आत बसेल, ते बंपरच्या प्लास्टिकला लागणार, लोखंडाला कुठे शिवणार नाही, म्हणजे गंजाचा प्रश्न नाही. म्हटलं, करा.

पत्रा कापून, गुंडाळून त्यांनी शिवणीला झाळ लावली. मग भट्टीत लाल केला आणि सरळ पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला. लोखंड असं विझवलं तर कडक होतं. तांबं लाल झालं की मऊ पडतं आणि पाण्यात टाकलं तरी मऊच राहतं. पाण्यातून निघालेला पत्रा काळपट, पण बोटाने दाबला तर दबतो. मग लोखंडी दांडीवर तो चढवून त्यांनी ठोकायला सुरुवात केली. डावा हात पत्रा सतत थोडा थोडा फिरवत होता, उजवा हातोडी एकाच ठिकाणी पाडत होता. हातोडी हलत नव्हती, तांबं तिच्याखाली सरकत होतं. पंचवीस-तीस ठोके झाले की ते पुन्हा कडक व्हायचं, आवाज खणखणीत व्हायचा, आणि काका न बघता, नुसत्या आवाजावरून, ते पुन्हा भट्टीत सारायचे. असं पाच वेळा. लांबट तोंड कुठे संपलं आणि गोल गळा कुठे सुरू झाला, ते बोट फिरवूनही मला सापडेना. काठ त्यांनी शेवटी वळवला, मी सांगायच्या आधीच. काठ न वळवता भांडं हातातून सोडायचं ही कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती.

चिंचेने घासून ते माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "हवा आत घेताय ते ठीक. बाहेर कुठून जाणार?"

मी म्हटलं, चाकातून जाईल की.

"बंबाला वरून वाट नसली तर खालून कितीही वारा घाला, धूर तोंडावरच येतो."

मी तेव्हा मान हलवली. घरी जाऊन चाक काढलं आणि त्यांचं बरोबर होतं. मी आतल्या बाजूने डिस्कभोवतीचं धुळीचं पत्र्याचं झाकण पूर्ण बंद ठेवायचं ठरवलं होतं, म्हणजे हवा इकडे-तिकडे सांडणार नाही. पण हवेशीर डिस्क हा पंप आहे. विहिरीवरच्या पंपाचा इम्पेलर जसा मधून पाणी घेतो आणि फिरत फिरत कडेने फेकतो, तशी ही डिस्क दोन चकत्यांमधल्या पाकळ्यांतून मधून हवा घेते आणि कडेने फेकते. कडेला जिथे ती बाहेर पडणार, तिथे माझं झाकण ओठ मिटून उभं होतं. मी मागच्या बाजूचा तो ओठ कापून वाट मोकळी केली.

हवा डिस्कच्या मधोमध द्यायची, हे मात्र मी आधीपासून धरून होते आणि ते सर्वांत महत्त्वाचं आहे. नुसत्या आतल्या चकतीच्या तोंडावर वारा मारला तर ती बाजू गार, बाहेरची गरम, आणि डिस्क ताटलीसारखी वाकते, पुढे तडे जातात. मधे दिलेली हवा दोन्ही चकत्यांच्या पोटातून जाते. त्यासाठी झाकणाला हबच्या जवळ भोक पाडून एक लोखंडी कोपरा (होजच्या टोकाची वाकडी नळी) जोडला, त्याचं तोंड डिस्कपासून दहा मिलिमीटर. इथे लोखंडच हवं, कारण झाकण लोखंडाचं. एबीएसच्या सेन्सरची वायर आणि बॉल जॉइंटचं रबर यांच्यापासून तो लांब ठेवला. नट साधे नायलॉनवाले लावले होते. बाबांनी ते बघताच काढायला लावले. तिथल्या उष्णतेत नायलॉनची पकड राहत नाही. आता सगळीकडे पूर्ण धातूचे लॉकनट आहेत आणि वरून तार पिळलेली. सुटलेला भाग चाकात अडकला तर काय होईल हे एसटीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

रस्त्यावर मी हे सगळं बंद ठेवते. तोंडं काढून फॉगलॅम्प परत बसवते. पावसाळ्यात उघड्या डक्टमधून चिखलाचं पाणी थेट तापलेल्या डिस्कवर गेलेलं मला नको आहे, आणि हुबळीच्या पुढे पहाटेच्या धुक्यात फॉगलॅम्प लागतातच.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा गेलो, या वेळी बाबाही. पॅडॉकमध्ये त्यांनीच तोंडं बसवली, प्रत्येकी दोन बोल्ट, वर मोठ्या छिद्रांची जाळी. डिस्कच्या कडेला तापमानाचे रंग लावले: हिरवा ४३० अंशांना पालटतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. इन्फ्रारेडची बंदूकही माझ्याकडे आहे, पण ती चकचकीत डिस्कवर खूप कमी आकडा दाखवते, आणि गाडी आत येईपर्यंत डिस्क निवलेली असते. रंग एकदा पालटला की पालटला. आधी होज बंद करून सहा फेऱ्या मारल्या. दोन्ही बाजूंचा हिरवा आणि नारिंगी दोन्ही गेले. गाडी गार झाल्यावर नवे रंग लावले, होज उघडले, पुन्हा सहा. हिरवा गेला. उजवीकडचा नारिंगी लावला तसाच होता. पेडल पहिल्या फेरीत जिथे लागलं तिथेच सहाव्या फेरीत. त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी मी पाय टाकला आणि गाडी खाली बसली, नाक जमिनीला लावून, जिथे मला हवी होती तिथे.

बाबा चाकाशी वाकून हवेत नाक लावून उभे होते. "ब्रेक लायनर जळल्याचा वास नाही," एवढंच म्हणाले, आणि मग दुसऱ्या चाकाकडे गेले.

डाव्या बाजूचा नारिंगी मात्र कडेने पिवळा पडला होता. त्या बाजूला वायपरच्या पाण्याची टाकी आहे, तिला चुकवताना होजला चटकन वळावं लागतं. वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट तरी हवी, तिथे एकपटही नाही. तिथे होजच्या जागी ठोकून केलेला तांब्याचा बाक बसवायचा विचार आहे, एका अंगाने चपटा, टाकीला घसटून जाणारा. परवा पुठ्ठ्याचा नमुना घेऊन काकांकडे गेले होते. दुकानात गुढीचे तांबे छतापर्यंत रचलेले. त्यांनी नमुना तोंडाला लावून त्यातून आळीतल्या उजेडाकडे बघितलं आणि म्हणाले, पाडवा होऊ दे ताई, मग करू.